परदेशी सहलीचं स्वस्त विमान: हिशोब मुंबईपासून नाही, घराच्या उंबऱ्यापासून

थायलंडचं फुकेत, इंडोनेशियाचं बाली, मालदीव, व्हिएतनामचं दा नांग. मुंबईहून जाऊन-येऊन अमुक हजारांत, असं मोबाईलवर दिसतं आणि घरात चर्चा सुरू होते. तो आकडा सहसा खोटा नसतो. पण तो एका खुर्चीचा असतो, आणि तोही एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचाच. मराठवाड्यातल्या उदगीर, परतूर, कळमनुरी किंवा गेवराईच्या माणसाचा प्रवास त्याच्या दहा-बारा तास आधी सुरू झालेला असतो. पैसे जातात, झोप जाते, कधी अख्खी सहल हातची जाते, ती बहुतेक वेळा याच तासांत.

युरोपात केवळ सुट्टीच्या प्रवासावर चालणाऱ्या विमान कंपन्या आहेत. ब्रिटनमध्ये जेटटू आणि टुई, जर्मनीत कॉन्डोर. थंडीला कंटाळलेल्या लोकांना त्या उन्हाच्या किनाऱ्यावर नेतात, आणि हव्या असलेल्यांना हॉटेल व विमानतळ ते हॉटेल बसही त्याच पावतीत देतात. आपल्याकडे तसं थेट काही नाही. तेच काम इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, आकासा, थाई लायन एअर, व्हिएतजेट, स्कूट अशा कमी भाड्याच्या कंपन्या करतात, आणि हॉटेल-गाडीची जोड एजंट लावतो.

भाडं कमी कसं, हे समजून घेतलं की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. ही विमानं साधारण १८० ते २३० खुर्च्यांची, मधे एकच वाट असलेली. विमान जमिनीवर उभं राहिलं की तोटा, म्हणून ते दिवसभर देशातल्या फेऱ्या करतं आणि रात्री परदेशाची एक फेरी मारून येतं. सहलीची इतकी विमानं मध्यरात्रीनंतर का सुटतात, त्याचं एक मोठं कारण हे. सकाळच्या फेरीला झालेला उशीर रात्रीपर्यंत साचत जातो, त्याचंही कारण हेच. दुसरी गोष्ट फेऱ्यांची. दुबईला दिवसभर विमानं असतात, पण एखाद्या बेटावर त्या कंपनीची आठवड्यात तीन-चारच उड्डाणं असू शकतात. ते चुकलं तर पुढचं संध्याकाळी नाही, परवा. म्हणून अशा विमानाला वेळेआधी पोचणं यावर जितका खर्च कराल तितका थोडा.

विमानतळ कोणता

सवयीने सगळे मुंबईचं तिकीट पाहतात. नांदेड, हिंगोली, लातूर आणि उमरगा पट्ट्यातल्या लोकांनी आधी हैदराबाद पाहावं, असं मी ठामपणे म्हणेन. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग १६१. लातूर-उदगीरची मंडळी बीदर-जहिराबादवरून आणि उमरग्याची सोलापूर-हैदराबाद रस्त्याने येतात. सगळ्यांनाच शहरात शिरायची गरज नाही. पटनचेरूच्या बाजूला १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता लागतो, तो धरला की शहराला वळसा घालून थेट शमशाबादच्या विमानतळाशी उतरता येतं. शहरातून जायचा मोह टाळा. अंतर कमी दिसतं, वेळ जास्त जातो.

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीडसाठी मुंबई किंवा पुणे. पुण्याहून परदेशाची थेट उड्डाणं मोजकीच आहेत, पण बँकॉक-दुबईसारखं ठिकाण असेल तर बीडकरांनी पुणे नक्की तपासावं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. संभाजीनगरजवळ सावंगी किंवा माळीवाड्याला चढलं की तीनेक तासांत आमणे येतं. इथेच लोक फसतात. तीन तासांत आलो, आता पोचलोच, असं वाटतं. पुढचे पन्नासेक किलोमीटर भिवंडी, ठाणे आणि मुंबईच्या गर्दीतून आहेत. त्याला दीड तासही लागतो आणि तीनही. आमण्यानंतरचा वेळ नकाशा सांगेल त्याच्या दुप्पट धरा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची भुयारी मेट्रो, ॲक्वा लाईन, कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. सीएसएमटीला उतरून बॅगांसकट मेट्रोत बसलं की थेट विमानतळ टी-२ (टर्मिनल २) स्थानक. टॅक्सीची घासाघीस नाही, पावसाळ्यात तुंबलेला रस्ता नाही. फक्त रात्री उशिरा मेट्रो बंद असते हे ध्यानात असू द्या. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी पोचून त्याच रात्रीचं विमान पकडणं हा बरोबर मार्ग आहे. मधला दिवस रिकामा जातो, पण गाडी चार तास उशिरा आली तरी काही बिघडत नाही. दुपारी पोचणाऱ्या गाडीवर संध्याकाळचं विमान लावू नका.

तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. डिसेंबर २०२५ पासून दोन्हीकडून विमानं उडतात आणि दोन्हींमधलं अंतर रस्त्याने तासा-दीड तासाचं आहे. बँकॉकचंही तसंच: बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग. पुढे फुकेतचं वेगळं तिकीट काढलं असेल तर उतरायचं आणि उडायचं विमानतळ एकच आहे का हे आधी बघा.

चिकलठाण्याहून (संभाजीनगरच्या विमानतळावरून) मुंबईला विमानाने जाऊन पुढचं पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तरच. दोन वेगळी तिकिटं काढली की पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध राहत नाही. बॅग पट्ट्यावरून उचलायची, पहिलं विमान टी-१ ला उतरलं असेल तर टी-२ पर्यंत बाहेरच्या रस्त्याने जायचं, पुन्हा रांग लावायची. दुसऱ्या विमानाला तुम्ही पोचला नाहीत तर तुम्ही ‘नो-शो’. परतीचा प्रवास त्याच तिकिटावर असेल तर अनेक कंपन्या तोही रद्द करतात.

आणि तारखेचा सापळा. तिकिटावर १४ तारीख, वेळ ००:३५ असेल, तर घरातून १३ ला सकाळीच निघायचं असतं. १४ ला रात्री विमानतळावर पोचणारं एखादं तरी कुटुंब दर हंगामात असतं. कॅलेंडरवर १३ तारखेच्या चौकटीत ‘आज रात्री विमान’ असं लिहून ठेवा. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा काउंटर सुटण्याच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो, आणि एकदा बंद झाला की विनवणीने उघडत नाही. तीन तास आधी दारात असायचं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर चार.

वजन

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. काही परदेशी कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग शून्य किलो असते. फक्त ७ किलोची केबिन बॅग, आणि काही ठिकाणी पाठीवरची सॅक आणि हातातली बॅग दोन्ही मिळून ७. भारतीय कंपन्यांच्या तिकिटात बहुधा बॅग असते, पण किती किलो हे ठिकाणागणिक बदलतं. तिकीट काढताना त्याच पडद्यावर १५ किंवा २० किलो विकत घ्या. तीच बॅग काउंटरवर किलोमागे दर लावून कितीतरी महाग पडते.

जाड प्लास्टिकची मोठी बॅग रिकामीच चार किलोच्या आसपास असते. २० किलोच्या परवानगीत तुमचं सामान १६ किलोच बसतं. साडेतीनशे-चारशे रुपयांचा लटकवायचा डिजिटल काटा घ्या आणि जाताना तर मोजाच, येताना हॉटेलात पुन्हा मोजा, कारण वजन येताना वाढतं. घरातल्या चौघांचं वजन एकत्र धरतात का, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. धरत असली तरी सगळे एकाच पीएनआरवर लागतात, आणि कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर चालत नाही.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, ती हातातच. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएचला ३.७ ने गुणून १,००० ने भागा: ७४ वॅट-तास, म्हणजे चालते. छापलेला आकडा पुसला गेला असेल तर काढून घेऊ शकतात. २०२५ पासून अनेक कंपन्यांनी उडत्या विमानात पॉवर बँक वापरायलाही मनाई केली आहे, म्हणून फोन आधीच पूर्ण चार्ज करा.

आता खाण्याचं. दशम्या, धपाटे, कोरडी शेंगदाणा चटणी, चिवडा, लाडू हे सुरक्षा तपासणीतून जातं. लोणचं, ठेचा, दही, तेलात भिजवलेली चटणी हातातल्या बॅगेत अडते. द्रव पदार्थ हातात १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीतच, आणि लोणचं व मिरचीपूड तर केबिनमध्ये सहसा चालत नाही. ते घट्ट बंद करून, दोन पिशव्यांत, चेक-इनमध्ये. सुकं खोबरं मात्र कुठेच नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. तुळजापूरहून आणलेल्या ओटीतली खोबऱ्याची वाटी नकळत बॅगेत राहते आणि बॅग उघडायला बोलावणं येतं. विमानात बाहेरचं खाणं काही कंपन्यांना चालत नाही. जेवण आधीच बुक केलं तर विमानातल्या दरापेक्षा स्वस्त पडतं, शाकाहारी मिळण्याची खात्रीही राहते. रिकामी बाटली सोबत ठेवा, तपासणीनंतर भरून घ्या; अनेक विमानांत पाणी विकत असतं.

तिकडच्या कायद्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण खरा धोका तिथे आहे. खसखस आपल्याला अनारशांवरची साधी गोष्ट वाटते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या यादीत येते. खसखस घातलेला घरचा मसालाही नेऊ नका, नुसती विमान बदलायची थांबणी असली तरी. खायची तंबाखू सिंगापुरात बंद आहे. चुन्याची डबी आणि पुडी चुकूनही खिशात राहू देऊ नका. थायलंडमध्ये ई-सिगारेट चालत नाही. मालदीवमध्ये दारू नेता येत नाही आणि पूजेच्या मूर्तींनाही बंदी आहे, तेव्हा पाकिटातली किंवा पिशवीतली छोटी मूर्ती घरीच ठेवा. मे महिन्यात केशर आंब्याची पेटी भेट म्हणून न्यायची इच्छा होते. ताज्या फळांना बहुतेक देशांत परवाना लागतो, ती जप्त होते. रक्तदाब, मधुमेहाची औषधं मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि ती हातातल्या बॅगेत. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी दुबईला नेताना आधी परवानगी घ्या.

नाव आणि कागद

आपल्या नावात स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव असे तीन भाग. पासपोर्टवर पहिले दोन ‘गिव्हन नेम’ मध्ये आणि आडनाव ‘सरनेम’ मध्ये असतं. तिकिटावर तंतोतंत तसंच हवं. आधारवर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, असं असेल तर पासपोर्टचं चालतं. एजंटला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. चूक सुधारायला कमी भाड्याच्या कंपन्या पैसे घेतात आणि पूर्ण नाव बदलू देत नाहीत. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर दुबईचं बुकिंग करण्यापूर्वीच तो दुरुस्त करून घ्या. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती पर्यटन व्हिसा देत नाही.

परतीच्या नव्हे, पोचण्याच्या तारखेपासून पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक हवी, असं बहुतेक देश मागतात. नवा पासपोर्ट साधा १,५०० रुपये, तत्काळ ३,५००. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, मुलांचा पाचच, आणि मुलांचाच संपलेला सापडतो.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागेल असा शेरा) असू शकतं, आणि गावाकडच्या तरुणांना यावरून उगाच घाबरवलं जातं. ही अट १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. त्यांत थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाही आहेत, म्हणून इमिग्रेशनवर प्रश्न विचारतात. पर्यटनाला जाणाऱ्याने परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाचे पैसे दाखवले की पुरे. आई-वडील पन्नाशीच्या पुढचे असतील किंवा आयकर भरत असतील तर पुढच्या पासपोर्टवर हा शेरा लागतच नाही.

व्हिसाचे नियम सतत हलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा. थायलंडला मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्रक पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. मालदीवचं तसंच पत्रक ९६ तासांच्या आत, तेही फुकट. बालीला पोचल्यावरचा व्हिसा ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) आणि वर पर्यटक कर दीड लाख रुपिया माणशी. ऐकायला डोंगर वाटतो, पण रुपियाची किंमत फार कमी आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा. त्यात जन्मतारीख किंवा नावाचं एक अक्षर चुकलं तरी मुंबईच्या काउंटरवरच थांबवतात.

दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर चालतं, पण वय परतीच्या तारखेलाही मोजतात. सहलीत दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीची खुर्ची घ्यावी लागते. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर किमान ४८ तास आधी मागा. ती फुकट असते, आणि शमशाबाद किंवा टी-२ वरची लांबलचक चाल पाहता ती मागण्यात संकोच नको. जड दागिने घरी ठेवा. नेणारच असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे येताना आपलंच सोनं आपलं आहे हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

हंगाम

आपल्याकडे बाहेर पडायचे दोनच काळ: मुलांची मे महिन्याची सुट्टी, आणि दिवाळीच्या आसपास, सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर. मे महिन्यात फुकेत-क्राबीचं भाडं उतरतं कारण तिथे पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. लाल झेंडा असताना गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्याला समुद्राचा आत ओढणारा प्रवाह ओळखता येत नाही. मे महिन्यात बाली घ्या, तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं असतं. किंवा दा नांग. दिवाळीनंतर उलट: दा नांगला पुराचा पाऊस आणि फुकेत मोकळं. थायलंडमधलंच कोह सामुई मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर भिजत असतं, म्हणून ‘थायलंडला जाऊ’ एवढ्यावर बुकिंग करू नका, किनारा कोणता ते विचारा.

एजंटकडचं तिकीट

संभाजीनगर, लातूर, नांदेडचे एजंट जे ‘ग्रुप फेअर’ किंवा ‘सिरीज फेअर’ विकतात, ते आधीच घेऊन ठेवलेल्या खुर्च्यांचं असतं. स्वस्त खरं, पण बहुधा पैसे परत नाहीत, तारीख बदल नाही, आणि ठरलेल्या दिवसानंतर नावही बदलत नाही. पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: पीएनआर कधी मिळणार, बॅग किती किलो, आणि विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर पैसे किती दिवसांत. पीएनआर आला की कंपनीच्या साइटवर स्वतः उघडून पाहा, आणि संपर्काला तुमचाच मोबाईल नंबर आहे ना ते बघा. एजंटचा असेल तर वेळ बदलल्याचा संदेश त्याच्याकडे जातो. कमी भरलेली दोन विमानं एक करायची सवय या धंद्यात आहे, म्हणून दर आठवड्याला एकदा वेळ तपासत राहा. पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) कापला जातो. पॅन अचूक द्या, म्हणजे आयकर विवरणपत्रात तो वळता होतो.

कंपनी बुडण्याचीही शक्यता असते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ पासून. ब्रिटनची थॉमस कुक (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी) सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत बंद पडली, तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना तिथल्या सरकारने परत आणलं, कारण तिथे पॅकेज घेणाऱ्यांसाठी संरक्षण योजना आहे. आपल्याकडे तशी योजना नाही. म्हणून शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे भरा. सेवा न मिळाल्यास बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. रोख दिलेल्या पैशाला तो मार्ग नाही.

बिघडलं तर

भारतातून निघणाऱ्या विमानाला दोन ते चार तासांच्या वर उशीर झाला की, उड्डाणाच्या लांबीनुसार, नाश्ता-जेवण देणं कंपनीवर बंधनकारक आहे. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल द्यावं लागतं. बहुतेक सहलीची विमानं याच वेळेतली असल्याने हा नियम फोनमध्ये जपून ठेवा आणि काउंटरवर शांतपणे मागा. बॅग आली नाही किंवा फुटली तर विमानतळ सोडण्यापूर्वी ‘पीआयआर’ तक्रार नोंदवा. फुटलेल्या बॅगेचा लेखी दावा सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेचा एकवीस दिवसांत. बॅग देण्यापूर्वी तिचा उघडा आणि बंद असे दोन फोटो काढा. दोन बॅगांत दोघांचे कपडे मिसळून भरा. एक हरवली तरी कुणी उघड्यावर पडत नाही.

प्रवास विमा घेताना दुचाकीबद्दलचं कलम वाचा. फुकेत-बालीत भाड्याची स्कूटर घेऊन पडणं हे तिथल्या दवाखान्याच्या बिलांचं नेहमीचं कारण आहे. आरटीओतून मिळणारा वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर दावा नाकारतात.

परतीचा विचार जातानाच करा. विमान पहाटे दोन-तीनला उतरतं, बॅगा मिळेपर्यंत चार वाजतात, आणि मंडळी लगेच गाडी काढून समृद्धीला लागतात. सरळ, रिकामा, एकसारखा रस्ता आणि दोन रात्रींची झोप बुडालेली. डोळा तिथेच लागतो. गाडीने यायचंच असेल तर घरी नीट झोपलेला चालक बोलवा. नाहीतर पहाटे टॅक्सीने सीएसएमटी गाठा आणि नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसचं आरक्षण जाण्यापूर्वीच करून ठेवा. विमान लांबून गाडी चुकली तरी बुडतात ते काही शे रुपयेच.